पास न झालेलं पोस्टर

आमच्या प्रेसमध्ये मोठ्या लाकडी अक्षरांत ‘झ’ नव्हता, म्हणून सत्तरच्या दशकात जिंतूर तालुक्यात एकही पुढारी झुंजार झाला नाही. तडफदार झाले, कर्तव्यदक्ष झाले, गोरगरिबांचे कैवारी तर पोत्याने झाले. पण कोणाला झुंजार व्हायचंच असेल तर त्याला परभणीची एसटी धरावी लागे. पुढाऱ्याचे गुण जनता ठरवते असं लोकांना वाटतं. ते आमच्या पेटीत कोणती अक्षरं शिल्लक आहेत त्यावर ठरत, हे आता सांगायला हरकत नाही. प्रेस बंद होऊन बरीच वर्षं झाली आणि ते पुढारीही आता कोणाच्या लक्षात नाहीत.

प्रेस माझ्या आजेसासऱ्यांनी निजामाच्या अंमलात काढली. मी सून म्हणून आले तेव्हा ती सासरे चालवत होते. त्यांना मी मामंजी म्हणायची. पुढच्या खोलीत प्रेस, मागे घर, मधे एक पडदा. पडद्याच्या अलीकडे शाईचा वास आणि पलीकडे फोडणीचा. सासूबाई सोवळ्याओवळ्याच्या, त्या पडद्याच्या अलीकडे फारशा येत नसत. आमचे हे शाळेत इतिहास शिकवत आणि प्रेसकडे इतिहासाच्याच नजरेने पाहत. मशीनवर करीमचाचा होते. पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनवर त्यांचे पाय आणि तोंड दोन्ही दिवसभर चालू असत, आणि दोन्हींपैकी एक थांबलं की दुसरंही थांबे.

हे छापण्याचं काम कसं चालायचं ते नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. शिशाचे बारीक खिळे, प्रत्येकाच्या टोकाला एक उलटं अक्षर. ते खणाखणांच्या चपट्या पेटीत अक्षरवार ठेवलेले. एक एक खिळा उचलून उलट्या ओळी लावत जायच्या. हे करणारा तो जुळारी. ओळी लोखंडी चौकटीत आवळायच्या, शाई फिरवायची, एक कच्ची प्रत काढायची. ती प्रूफ. गिऱ्हाइकाने प्रूफ वाचून त्यावर ‘पास’ लिहून सही केली की छपाई. छपाई झाली की सगळे खिळे पुन्हा आपापल्या खणात टाकायचे. त्याला मजकूर सोडणं म्हणत. ते काम भांडी घासण्याइतकंच कंटाळवाणं, आणि म्हणूनच बहुधा सुनेच्या वाट्याला आलं.

तसा आमच्याकडे पगारी जुळारी होता. तो औंढ्याच्या यात्रेला म्हणून गेला आणि यात्रा संपली तरी आला नाही. मी मागच्या ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. मामंजी पडदा बाजूला करून माझ्या हाताकडे थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ज्या हाताने खडे निवडायलीस त्याच हाताने खिळे निवड. अशी मी जुळारी झाले. बाईमाणूस प्रेसमध्ये बसतं याची गावात चर्चा झाली, पण पत्रिका वेळेवर मिळायला लागल्यावर ती बंद पडली.

लग्नसराईत सगळं नव्याने जुळवायला वेळ नसे. म्हणून पत्रिकेचा मजकूर आम्ही सोडतच नसू. तो सुतळीने बांधून तसाच ठेवायचा आणि नवं लग्न आलं की नावं, तारीख आणि गाव एवढंच उचलून बदलायचं. बौद्ध मंडळींच्या पत्रिकेची सुरुवात वेगळी, तिचा वेगळा गठ्ठा बांधलेला असे. साऱ्या तालुक्याची लग्नं या दोन गठ्ठ्यांवर लागली. प्रत्येक वरपित्याला वाटे की मजकूर खास आपल्यासाठी लिहिलाय. तो तसा वाटू देणं हा आमच्या धंद्याचा भाग होता.

गिऱ्हाइकं एकेक तऱ्हेची येत. झरीच्या एका गृहस्थांना आपल्या वळूचं हँडबिल हवं होतं. वळूचा ठसा आमच्याकडे नव्हता, म्हणून महाशिवरात्रीच्या पत्रकातला नंदी लावून दिला. गृहस्थ तक्रार घेऊन आले की लोक वळूला बघायला येतात आणि पाया पडून परत जातात. एक गुरुजी दर वर्षी स्वतःच्या सत्काराची निमंत्रणपत्रिका स्वतः लिहून आणत आणि खाली निमंत्रक म्हणून कोणाचं नाव टाकावं याचा सल्ला आम्हालाच विचारत. पण मला आज सांगायचीय ती नानासाहेबांच्या पोस्टरची गोष्ट.

तालुक्यातल्या एका मोठ्या गावची ग्रामपंचायतीची निवडणूक होती. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्यांची नातवंडं अजून तिथं आहेत आणि मला दोन्हीकडच्या लग्नांना बोलावणं येतं. नानासाहेब त्या गावचे वजनदार गृहस्थ. पंचायत, सोसायटी, शाळेची समिती, सगळीकडे त्यांचीच माणसं. सोसायटीच्या पावत्या आणि शाळेच्या उत्तरपत्रिका आमच्याकडे छापल्या जात, त्याही त्यांच्याच शब्दावर. ते स्वतः प्रेसमध्ये आले म्हटल्यावर मामंजींनी चहा सांगितला आणि त्यांना प्रेस दाखवायला घेतली.

प्रेस दाखवणं ही मामंजींची खोड. आलं-गेलं गिऱ्हाईक असो की वीज मंडळाचा माणूस, मामंजी त्याला पहिल्या खिळ्यापासून शेवटच्या खिळ्यापर्यंत सगळं दाखवत. मोठ्या लाकडी अक्षरांची पेटी त्यांनी नानासाहेबांसमोर उघडली आणि अभिमानाने सांगितलं की हा संच हैदराबादहून वडिलांनी आणलाय, अशी सागवानी अक्षरं आता मिळत नाहीत, आणि अख्ख्या जिंतुरात हा एकच संच आहे. एका पोस्टरात अक्षरं अडकली की ते सुटेपर्यंत दुसरं पोस्टर लावता येत नाही, हेही त्यांनी हौसेने सांगितलं. नानासाहेबांनी “असं का” म्हटलं आणि चहा आणखी एक कप मागवला.

पोस्टरवर काय लिहायचं, असं मी विचारलं. ते म्हणाले, तुमीच लिहा काहीतरी दणक्यात, तुमाला सवय हाय. सवय होतीच. बहुतेक गिऱ्हाइकांचा मजकूर आम्हीच लिहायचो. मी गावाचा खरा सेवक, अहोरात्र जनतेसाठी झटणारा, गोरगरिबांचा कैवारी असं सगळं घातलं, खाली सायकलचं चिन्ह आणि मोठ्या लाकडी अक्षरांत नानासाहेबांचं नाव. ‘झटणारा’ बारीक शिशाच्या खिळ्यांत घेतलं, तिथं ‘झ’ होता. प्रूफ काढून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा कारभारी सोपान ते न्यायला आला.

त्याच दुपारी पंडितकाका आले. माझं माहेर पिंगळीचं. वडील स्टेशनवर तिकीट देत आणि पंडितकाका रुळांच्या गँगमध्ये होते. नोकरी संपवून ते आपल्या गावी, म्हणजे नानासाहेबांच्याच गावी, परतले होते आणि त्याच वॉर्डातून छत्री चिन्हावर उभे होते. मी पिंगळीच्या क्लार्कची पोरगी इथं आहे हे त्यांना पत्रिका छापायला आलेल्या कोणीतरी सांगितलं होतं. ते काउंटरसमोर डोक्याची टोपी हातात घेऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. मी आतून स्टूल आणून दिलं तेव्हा बसले.

त्यांना पोस्टर हवं होतं ते गुरुवारच्या आत. गुरुवारी गावचा बाजार, रविवारी मतदान. आसपासच्या वाड्यांवरची मतदार मंडळी गावात एकदाच येणार ती बाजाराला. मी विचारलं, काका, तुम्हाला या वयात हे कशाला सुचलं? तेव्हा त्यांनी हापशांचं सांगितलं. दुष्काळानंतर सरकारचं बोअर पाडणारं मशीन गावात आलं आणि नानासाहेबांच्या बैठकीपुढे थांबलं. पुढच्या खेपेला आलं ते त्यांच्या मळ्याच्या वाटेवर थांबलं. आता तिसरा हापसा मंजूर होता, आणि खालच्या वस्तीच्या बाया अजून ओढ्यात झिरा उकरून वाटीवाटीने घागर भरत होत्या.

“बेबीताई, मला पुढारी व्हायची हौस न्हाई,” ते म्हणाले. “तिसरा हापसा कुठं पाडायचा हे ठरवायला बसतील, तवा तिथं आमचं एक माणूस बसलेलं पाहिजे. न्हाईतर त्यो बी तिकडंच जातोय.”

मी म्हटलं, नानासाहेबांचं पोस्टर उद्या पास होईल, छापून झालं की लगेच तुमचं लावते. जिंतुरात दुसरी एक प्रेस होती, पण ती नानासाहेबांच्या साडूची. परभणीला काका आधीच जाऊन आले होते. तिथल्या प्रेसांत निवडणुकीच्या कामांची रांग लागली होती आणि बाजाराच्या आत देतो असं कोणी म्हणेना. म्हणजे त्यांची सगळी भिस्त आमच्या एका पेटीवर होती.

दुसऱ्या दिवशी सोपान प्रूफ घेऊन आला आणि म्हणाला, सायकल डावीकडं चाललीय, ती उजवीकडं पाहिजे. ठशाची दिशा बदलता येत नाही हे त्याला पटवण्यात सकाळ गेली. मग म्हणाला, बरं राहू द्या, पण पोस्टरात एसटीच्या थांब्याचं आश्वासन घाला. घातलं. नवं प्रूफ दिलं. ते घेऊन तो दुपारच्या गाडीने गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परत आला. आता शाळेला खोली घाला. मग स्मशानात शेड. मग गुरांचा दवाखाना. प्रत्येक वेळी नवं प्रूफ, प्रत्येक वेळी तो ते गुंडाळून काखेत मारून जाई. सोपान स्वभावाने गरीब माणूस. प्रूफ वाचत नसे, चहा मात्र मनापासून पीत असे.

पंडितकाका रोज संध्याकाळी येऊन विचारत, झालं का? मी म्हणे, उद्या. मला स्वतःचाच राग यायला लागला होता. करीमचाचांच्या मात्र डोक्यात प्रकाश पडला. सोपान गेल्यावर ते ट्रेडल चालवता चालवता म्हणाले, “बहू, याला पोस्टर-बिस्टर कुछ नक्को. आपली अक्षरं आडवून बसलाय ये.”

मी लोखंडी चौकटीकडे पाहिलं. चाचांचं म्हणणं बरोबर होतं. चौकट आवळलेली, त्यात सागवानी अक्षरं अडकलेली. नानासाहेबांनी कसलाही दंगा न करता, कोणाला दम न देता, नुसते दोन कप चहा पिऊन पंडितकाकांचं पोस्टर आमच्याच पेटीत कोंडून ठेवलं होतं. आणि किल्ली त्यांच्या हातात दिली होती आमच्या मामंजींनी, प्रेस दाखवता दाखवता.

बुधवारी सकाळी सोपान पुन्हा आला. या वेळी त्याच्याकडे दुरुस्तीच नव्हती. बिचाऱ्याला सुचायचं बंद झालं होतं. चहा पिऊन झाल्यावर त्यानेच मला विचारलं, “बाई, आजून काय घालावं? मालक म्हणलेत, काहीतरी दुरुस्ती दे म्हणून.”

मी अगदी विचारात पडल्यासारखं केलं. मग म्हटलं, गावात सगळ्याची सोय झाली, खालच्या वस्तीचं काही राहिलंय बघा. हापसा घाला ना. सोपानचा चेहरा उजळला. “घाला, घाला,” तो म्हणाला. मी तिथल्या तिथे ओळ जुळवली: खालच्या वस्तीत हापसा बसवणार. प्रूफ काढलं. सोपान ते घेऊन दुपारच्या गाडीने निघून गेला. आता तो उद्या सकाळपर्यंत येणार नव्हता, म्हणजे बाजाराचा दिवस उजाडेपर्यंत.

एसटीचा आवाज स्टँडकडून गेलेला ऐकला आणि मी मामंजींकडे गेले. त्यांना सांगितलं की आपल्याला फसवलंय, आता हा मजकूर सोडू आणि पंडितकाकांचं पोस्टर लावू. मामंजींना फसवणूक कळली, ते वाईट वाटून खुर्चीत खाली बसले. पण मान हलवेनात. पास झाल्याशिवाय कोणाचा मजकूर सोडायचा नाही हा प्रेसचा नियम होता. निजामाच्या काळात एका जहागीरदाराने सहा महिने प्रूफ अडकवून ठेवलं होतं तेव्हाही आजेसासऱ्यांनी तो मोडला नव्हता, ही कथा मला पुन्हा ऐकावी लागली.

“सोडायचं कोण म्हणतंय मामंजी,” मी म्हटलं. “मजकूर तसाच राहू दे. आपण लग्नाच्या पत्रिकेत काय करतो?”

मामंजींनी चष्मा काढून पुसला. “मांडव तोच ठेवतो,” ते म्हणाले, “नवरदेव बदलतो.”

“मग?”

“पण मजकूर त्यांचा हाय.”

“त्यांचा कुठला? मी लिहिलाय. त्यांचं नाव तेवढं त्यांचं, ते आपण उचलून बाजूला ठेवू.”

मामंजी हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. मग उठून टोपी घातली आणि जाहीर केलं की मी न्हाव्याकडे केस कापायला चाललोय, संध्याकाळ होईल. त्यांच्या डोक्यावर कापण्यासारखं फारसं काही नव्हतं. करीमचाचांनी ते दृष्टीआड होईपर्यंत वाट पाहिली आणि प्रेसचं अर्धं दार लोटून घेतलं.

चौकट सैल केली. नानासाहेबांचं नाव अलगद उचलून एका ताटलीत ठेवलं. सायकल काढली, छत्री बसवली. नावातली अक्षरं मोकळी झाल्यावर पंडितकाकांचं नाव लागायला अडचण आली नाही. प्रूफ काढेपर्यंत काका आलेच. मी त्यांना स्टुलावर बसवून प्रूफ हातात दिलं आणि काय केलंय ते सांगितलं. ते हसले नाहीत. बोट ठेवून एक एक ओळ वाचत गेले आणि एसटीच्या थांब्यापाशी थांबले.

हे काढा, म्हणाले, एसटी माझ्या हातात नाही. शाळेची खोलीही काढा, ती झेडपी देते. गुरांच्या दवाखान्याला डॉक्टर कुठून आणू? स्मशानाची शेड काढताना थोडे घुटमळले, पण तीही काढा म्हणाले. मी सांगून पाहिलं की काका, निवडणुकीत असं कोणी मोजून मापून बोलत नाही, आणि हे सगळं काढलं तर पोस्टर मोकळं मोकळं दिसेल.

“दिसू दे मोकळं. मी पटरी तपासणारा माणूस हाय, बेबीताई. पटरी ठीक हाय असं सांगायचं म्हणजे आधी चालून बघावं लागतंय.”

मग एवढी मोठी जागा भरायची कशाने? मी पेटी धुंडाळली. हापशाच्या ओळीला लागणारी लाकडी अक्षरं पेटीत शिल्लक होती. ती ओळ मी बारीक खिळ्यांतून उचलून लाकडात घेतली. आता पोस्टरावर वर काकांचं नाव आणि जुनीच विशेषणं, मधे छत्री आणि खाली तेवढ्याच दांडग्या अक्षरांत ‘खालच्या वस्तीला हापसा’. काकांनी पेनसिलीने सावकाश ‘पास’ लिहून सही केली. वर मला म्हणाले की हे नानासाहेबांना कळल्यावर तुमचं काम जाईल. मी म्हटलं, काका, काम जाईल ते बघू, आत्ता तुमची गाडी जाईल. करीमचाचांनी पोस्टरांसाठी ठेवलेल्या हँडप्रेसचा दांडा ओढायला सुरुवात केली आणि सगळी पोस्टरं ओली असतानाच काका ती पसरट धरून शेवटच्या गाडीत चढले.

त्यानंतर मी नानासाहेबांचं नाव ताटलीतून काढून पुन्हा जागेवर बसवलं, सायकल बसवली, काढलेल्या ओळी लावल्या आणि चौकट आवळली. मामंजी केस कापून आले, चौकटीकडे पाहिलं आणि मजकूर सुटलेला नाही याची खात्री करून जेवायला आत गेले.

गुरुवारी सकाळच्या गाडीने सोपान आला तो धापा टाकत. बाजारात, चावडीवर, पाराला, नानासाहेबांच्या बैठकीसमोरच्या हापशाच्या ओट्यावरसुद्धा छत्री लागली होती. मालकांनी सांगितलंय आत्ताच्या आत्ता छापून आण. सही कुठं करू? मामंजींनी त्याला खुर्ची दिली आणि शांतपणे सांगितलं की आधी वाचून घ्या, नियम आहे. सोपान म्हणाला वाचलंय, आणि प्रूफावर ‘पास’ लिहून मोकळा झाला. करीमचाचांनी त्याची पोस्टरं उत्तम छापून दिली, शाईही सढळ वापरली. थांबा, खोली, शेड, दवाखाना, हापसा, सगळं स्वच्छ उठलं होतं. ती बाजार उठायच्या आत गावात पोचली आणि छत्रीच्या शेजारी शेजारी चिकटवली गेली.

शुक्रवारी नानासाहेब स्वतः आले. मागे सोपान. मी पेटीशी बसून खिळे टाकत होते, पण कान तिकडेच होते. आधी चहा घ्यायला ते तयार नव्हते.

“माझं पोस्टर चोरून त्या पंडितला दिलं तुमी,” ते म्हणाले.

“मजकूर आमच्या सूनबाईचा,” मामंजी म्हणाले. “तुमचं त्यात नाव होतं. ते आमी त्यांच्या पोस्टरात घातलं न्हाई.”

नानासाहेबांनी खिशातून घडी केलेलं स्वतःचंच पोस्टर काढून काउंटरवर पसरलं. ते त्यांनी पहिल्यांदा वाचलं होतं ते काल, स्वतःच्या भिंतीवर. “आन् ह्यात हापसा कोणी घातला?”

मामंजींनी न बोलता पास झालेलं प्रूफ काढून पुढे ठेवलं. नानासाहेबांनी सोपानकडे पाहिलं. सोपानने भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिलं. मी खिळे चुकीच्या खणात टाकत होते, कारण हसू दाबताना डोळ्यांत पाणी आलं होतं. नानासाहेब चौकटीपाशी आले, लाकडी अक्षरांच्या पेटीकडे थोडा वेळ बघत राहिले आणि मग मला म्हणाले, “बाई, तुमी निवडणुकीला उभं ऱ्हावा.” ते रागाने म्हणाले की कौतुकाने, हे मला आजही सांगता येणार नाही. सोसायटीच्या पावत्या आणि शाळेच्या उत्तरपत्रिका त्या महिन्यापासून त्यांच्या साडूच्या प्रेसमध्ये गेल्या, त्यावरून रागानेच असावं. आमचे हे म्हणाले, इतिहासात असं होतच असतं.

रविवारी मतदान झालं आणि पंडितकाका पडले. थोडक्यात पडले, पण पडले. मला फार वाईट वाटलं. पोस्टर वेळेवर गेलं, म्हणजे आपण जिंकलोच असं मी मनात धरलं होतं. मामंजी म्हणाले, पोस्टरानं माणूस निवडून येत असता तर मीच आमदार झालो असतो. त्या आठवड्यात मला कामाची गोडी वाटेना. लाकडी अक्षरं पुसून पेटीत ठेवली आणि पेटी वरच्या फळीवर टाकून दिली.

पुढचं मला सोपाननेच येऊन सांगितलं. त्याला आमच्या चहाची सवय लागली होती. पंचायतीची सभा भरली, तिसऱ्या हापशाच्या जागेचा विषय निघाला. खालच्या वस्तीची माणसं आणि बाया चावडीसमोर येऊन बसल्या. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. प्रत्येकीच्या हातात एक पोस्टर, पण छत्रीचं नव्हे. सायकलचं. पंडितकाकांनी हात जोडून सांगितलं की नानासाहेबांनी आम्हाला हापसा कबूल केलाय, तो वस्तीत नेमका कुठं पाडायचा ते ठरवायला आम्ही आलोय. वरच्या आळीचे लोकही मागे उभे होते, त्यांच्या डोक्यात एसटीचा थांबा आणि गुरांचा दवाखाना होता. मशीन तर मंजूर होऊन दारात येणारच होतं. नानासाहेबांनी सगळ्या आश्वासनांपैकी जे सरकारच्या खर्चाने पुरं होणार होतं ते निवडलं, आणि उदार होऊन जाहीर केलं.

मशीन वस्तीत येऊन गेलं त्यानंतर काही दिवसांनी पंडितकाका प्रेसमध्ये आले. हातात पितळेची कळशी, तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. एसटीत मांडीवर धरून आणलेली, तरी निम्मी सांडली होती आणि त्यांचं धोतर भिजलं होतं. त्यांनी कळशी काउंटरवर ठेवली.

“हारलो, बेबीताई,” ते म्हणाले. “पण पाणी लागलं.”

पिंगळीला गँगमधले लोक आमच्या दाराशी पाणी मागायला येत, तेव्हा माझी आई ओट्यावर उभी राहून वरून धार धरायची आणि ते खाली बसून ओंजळीने पीत. त्यांत पंडितकाका असत. मी तेव्हा आईच्या पदराआडून बघायची आणि मला त्यात काही वावगं दिसत नसे. त्या आठवणीची मला त्या दिवशी लाज वाटली आणि ती आजही वाटते. काका मात्र ते सगळं विसरल्यासारखे, किंवा न विसरता, कळशीचं फडकं सोडत होते.

मी पडद्याआड जाऊन घरातले पेले आणले. काकांनी कळशी कलती करून आधी मामंजींचा पेला भरला, मग करीमचाचांचा, मग माझा. मामंजी एका दमात प्यायले, त्यांच्या मागोमाग मीही. पडद्यापाशी हालचाल झाली म्हणून मी वळून पाहिलं तर सासूबाई प्रेसमध्ये आल्या होत्या. काकांनी कळशी हातात धरूनच विचारलं, “वहिनी, तुमाला देऊ?”

सासूबाईंनी माझ्या हातातला रिकामा पेला घेतला आणि पुढे केला. काकांनी तो काठोकाठ भरला. त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, “मचूळ आहे. पण गार आहे.” आणि पेला खाली न ठेवता सगळं पाणी संपवलं.